आमदार परत बोलवायचा कायदा आणि कॅलिफोर्नियाची रेल्वे

आमच्या गोव्यात आमदार उडी मारून दुसऱ्या पक्षात गेला की फोंड्यापासून काणकोणपर्यंत एकच डायलॉग ऐकू येतो, ह्यांना परत बोलवायचा कायदा पाहिजे, म्हणजे मुदत संपायच्या आधीच मतदारांनी मत देऊन घरी पाठवायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदार एकदम भाजपमध्ये गेले, आणि ते पण इलेक्शनआधी देऊळ, चर्च, दर्गा सगळीकडे पक्ष सोडणार नाही म्हणून शपथा घेऊन झाल्यावर. तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर माझा मावसभाऊ हा विषय काही सोडत नाही. ‘अमेरिकेत आहे ना, मग आपल्याकडे का नको रे?’

आहे, पण सगळ्या राज्यांत नाही, आणि दिल्लीसारखं जे तिथलं वॉशिंग्टन, तिथल्या सिनेटरला (आपल्या राज्यसभेच्या खासदारासारखा) तर लागूच नाही. आणि हा कायदा आला कसा ते वाचलं तर आपलीच गोष्ट वाटते. १९१३ पर्यंत तिथे सिनेटर लोक निवडायचेच नाहीत, राज्याचे आमदार निवडायचे, म्हणजे धंदा करायचा असेल तर गिऱ्हाईक किती कमी बघा! मोंटाना राज्यात तांब्याच्या खाणींचा मालक विल्यम क्लार्क १८९९ मध्ये असाच सिनेटर झाला, आमदारांना पैसे चारल्याची चौकशी लागली, १९०० मध्ये राजीनामा दिला आणि १९०१ मध्ये परत निवडून आला. खाणवाले आणि आमदार, आम्हाला काय सांगायला नको.

कॅलिफोर्नियात खाणीच्या जागी रेल्वे होती. सदर्न पॅसिफिक कंपनी माल वाहायची, दर ठरवायची, आणि आमदार कोण होणार हेपण बऱ्यापैकी तिच्याच ऑफिसात ठरायचं. १९१० मध्ये हायरम जॉन्सन नावाचा वकील गव्हर्नरपदाला (तिथला मुख्यमंत्रीच म्हणा) उभा राहिला, रेल्वेला राजकारणातून हाकलतो एवढंच म्हणत, आणि प्रचाराला रेल्वेनं न जाता मोटार घेऊन राज्यभर फिरला. मजा म्हणजे त्याचा बाप ग्रोव्ह जॉन्सन स्वतः आमदार होता आणि रेल्वेच्याच बाजूचा. घरचं भांडण असं राज्यभर!

जॉन्सन जिंकला आणि १० ऑक्टोबर १९११ ला लोकांनी एका दमात बरंच काही पास केलं. सह्या गोळा करून लोकांनी स्वतः कायदा मांडायचा, विधानसभेचा कायदा मतदानाने पाडायचा, आणि निवडलेल्या माणसाला, अगदी जजलासुद्धा, मध्येच घरी पाठवायचं. त्याच दिवशी बायकांना मताचा हक्क मिळाला, पण फक्त ३,५८७ मतांनी. (आपला १९६७ चा जनमत कौल आठवतो ना, महाराष्ट्रात जायचं की नाही, फूल की दोन पानं, तिथे फरक ३४,०२१ चा होता आणि आमच्या घरात जुनी माणसं अजून त्यावर तावातावानं बोलतात.)

अ‍ॅरिझोनाची तऱ्हा तर आणखी भारी. राज्य व्हायचं होतं, पण जजला परत बोलवायची तरतूद घटनेत ठेवली म्हणून प्रेसिडेंट टाफ्टने १९११ मध्ये अडवलं. त्यांनी ती मुकाट्याने काढली, फेब्रुवारी १९१२ मध्ये राज्य झाले, आणि नोव्हेंबरात ती परत घातली! मला विचाराल तर जजच्या बाबतीत टाफ्टचंच बरोबर होतं, गर्दी चिडली म्हणून निकाल फिरायला लागले तर मग कोर्ट कशाला.

आता वाईट बाजू. ह्याच जॉन्सनने १९१३ मध्ये जपानी शेतकऱ्यांना जमीन घेता येऊ नये म्हणून केलेल्या कायद्यावर सही केली, आणि १९२० मध्ये लोकांनी सह्या करून, मतदान करून तो कायदा आणखी कडक केला. म्हणजे रेल्वेला चाप लावायला घेतलेलं हत्यार शेजाऱ्यावर चाललं. आणि पैसा? तो कुठे गेलाच नाही. २००३ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिसला काढायची मोहीम रेंगाळत होती, एका श्रीमंत खासदाराने खिशातले सतरा लाख डॉलर्सच्या आसपास टाकले, पैसे देऊन सह्या गोळा करणारी माणसं रस्त्यावर उतरली आणि मग मतपत्रिकेवर १३५ उमेदवार. त्यातून सिनेमातला अर्नोल्ड श्वार्झनेगर गव्हर्नर म्हणून निघाला.

म्हणून मी मावसभावाला हिशोब करून दाखवला. कॅलिफोर्नियात गव्हर्नर काढायला मागच्या मतदानाच्या १२ टक्के सह्या लागतात. तिथे तो आकडा लाखांत जातो. आपल्याकडे २०२२ मध्ये एका मतदारसंघात सरासरी २८-२९ हजार मतदार होते, मतदान करतात धरा २३ हजार, त्याचे १२ टक्के म्हणजे पावणेतीन हजार सह्या. एवढ्या तर पडलेला उमेदवार गणपतीच्या दिवसांत घरोघरी फिरून करून आणेल, आणि सरपंचावर अविश्वास ठराव कसे येतात ते आपण बघतोच, पंच इकडचे तिकडे झाले की खुर्ची गेली.

अ‍ॅरिझोनासारखे २५ टक्के ठेवले तर पावणेसहा हजार होतात, ते जरा बरं. शिवाय निवडून आल्यावर पहिले वर्षभर हात लावायचा नाही, पक्ष बदलला तर मात्र लगेच, आणि पैसे देऊन सह्या घेणं बंद. भाऊ म्हणतो पैसे घेतले की नाही हे शोधणार कोण. ह्यावर ग्रुपवर दोन दिवस भांडण चालू आहे, आत्याने म्यूट केलंय.