तारीख लिहून ठेवा

२०१६ साली मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हिशेबाला होते. मालक धरून सातजण, त्यात बाई मी एकटी. बिल बघायच्या निमित्तानं मालक खुर्चीमागं येऊन उभे राहायचे. मग खांद्यावर हात. मग रात्री दहानंतर व्हॉट्सॲप. मी खुर्ची भिंतीला टेकवून घेतली, आणि चार महिन्यांत नोकरी सोडली. घरी सांगितलं, पगार परवडत नाही. आई म्हणाली, "बरं झालं, लांबच पडत होतं."

रोज कसबा बावड्याहून केएमटीच्या बसनं जाताना वाटेत कलेक्टर ऑफिस लागायचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ सालीच झालेला. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्हा प्रशासनानं नेमलेल्या स्थानिक समितीकडं जाता येतं. मला हे कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नाही.

आता मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात आहे. दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती नेमावीच लागते, नाहीतर ५० हजारांपर्यंत दंड. आमच्या समितीत मी सदस्य आहे. चौकशीतलं काही इथं लिहिणार नाही. नावं, जबाब बाहेर जाऊ द्यायचे नाहीत असा कायदाच आहे, आणि आपल्याकडं तक्रारीच्या आधी चर्चा घरी पोचते, म्हणून तो मला फार मोलाचा वाटतो.

पण बायांनो, तारीख लिहून ठेवा. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढं नाही. नोकरी सोडल्यावरचे माझे महिने 'आपलंच काही चुकलं का' या विचारात गेले. मेसेज तर लाजेनं त्याच रात्री पुसले होते. तुम्ही पुसू नका. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, आणि तोवर त्याच माणसाच्या हाताखाली राहायचं नसेल तर बदली मागता येते, तीन महिन्यांपर्यंत रजाही. ती हक्काच्या रजेतून कापत नाहीत.

समितीच्या नावांचा बोर्ड आमच्याकडं ऑफिसच्या जिन्यात होता. कोअर शॉपच्या, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करणाऱ्या विभागातल्या बायका त्या जिन्यानं कधी चढतच नाहीत. भांडून तो मी त्यांच्या पाण्याच्या टाकीशेजारी लावून घेतला. परवा एका मावशींनी विचारलं, "वैनी, मला लिवाय येत न्हाई, मग?"

"तुम्ही सांगा मावशी, लिहून मी घेते. कायद्यातच तसं आहे."

त्यांनी घागर खाली ठेवली.