डॅशबोर्ड न कापता: पद्मिनीतल्या साउंड सिस्टिमचा माझा अनुभव

बाबांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या सोसायटीत अजून चालू स्थितीत आहे. तिच्यात गाणी नीट ऐकू यावीत, एवढीच माझी इच्छा होती. बाबांनी परवानगी दिली, पण अट घालून. "डॅशबोर्डाला करवत लागता कामा नये, आणि रेडिओ जागचा हलवायचा नाही."

ही अट किती अवघड आहे ते दुकानात गेल्यावर कळलं. आजचे साधे स्टिरिओ सिंगल डिन नावाच्या ठरलेल्या मापाच्या खाचेसाठी बनतात, म्हणजे साधारण १८० बाय ५० मिलिमीटर. जुन्या रेडिओला दोन बाजूंना दोन नॉब आणि मधे काचेची पट्टी, त्यामुळे नवा तिथे बसतच नाही. "साहेब, कटर मारतो, अर्ध्या तासाचं काम," दुकानदार म्हणाला. असे कटर मारलेले डॅशबोर्ड मी खूप पाहिलेत. कडा ओबडधोबड, वर प्लॅस्टिकची चौकट, आणि मालकाला नंतर कायमची हळहळ. मी काढता पाय घेतला.

शेवटी वागळे इस्टेटमधले एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन भेटले. त्यांना सगळे मामाच म्हणतात. मी स्पीकरचं बोलत होतो आणि मामांनी बॉनेट उघडलं. "गाण्याचं मागाहून बघू. आधी चार्जिंग काय म्हणतंय ते बघू."

गाडीला मूळचा डायनामो होता, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं जुन्या पद्धतीचं यंत्र. डायनामो आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असताना, जवळजवळ काहीच चार्ज करत नाही, रेस दिली की जागा होतो. आता माजिवड्याच्या सिग्नलला आणि घोडबंदर रोडच्या गर्दीत रेस द्यायची कुठे? पावसात हेडलाइट, वायपर आणि वरून ॲम्प्लिफायर, सगळा भार बॅटरीवर. मामांनी खडूने बॉनेटच्या आतल्या बाजूला हिशेब मांडला: चार चॅनेल, प्रत्येकी खरे ५० वॉट, म्हणजे २००. क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या जातीचा ॲम्प्लिफायर साधारण ८० टक्के वीज आवाजाकडे देतो असं धरलं तर आत जाणार २५० वॉट. १३ व्होल्टला ते १९ अँपिअरच्या आसपास. गाणं काही सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही, पण वायर आणि फ्यूज या आकड्यावरच ठरवायचे.

म्हणून पहिला मोठा खर्च झाला तो अल्टरनेटरवर; तो डायनामोचंच काम करतो, पण मंद इंजिनावरही चार्ज देतो. मारुती ८००चा छोटा अल्टरनेटर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाला. पद्मिनीही कुर्ल्याच्याच कारखान्यातली, त्यामुळे बाबा खूश. ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घेतलं, डायनामोचा कटआउट (बॅटरीची वीज उलटी डायनामोत जाऊ न देणारा स्विच) काढला, चार्जिंगची वायर जाड टाकली. जुना डायनामो ग्रीस लावून, गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलाय. आता हेडलाइट लावूनही आयडलिंगला मीटर १३.६ व्होल्ट दाखवतो.

स्टिरिओ ग्लव्ह बॉक्समध्ये गेला. सीडीचा भाग नसलेला घेतला, म्हणून खोलीला बसला. झाकण लावलं की बाहेरून काही कळत नाही. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या वॉटकडे मी बघितलंच नाही. स्टिरिओच्या आतल्या ॲम्प्लिफायरवर '५० गुणिले ४' लिहिलेलं असलं तरी सतत मिळणारे खरे वॉट त्याच्या निम्म्याहूनही कमीच असतात. आरएमएस, म्हणजे हेच सततचे वॉट, लिहिलेत का तेवढं बघावं. स्पीकर घेताना मी सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे ठरावीक वॉटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो त्याला, जास्त भाव दिला. ८९ डेसिबलच्या ऐवजी ९२चा घेतला की तेवढाच आवाज निम्म्या वॉटमध्ये मिळतो, आणि जुन्या वायरिंगच्या गाडीत वाचवलेला प्रत्येक अँपिअर कामाचा.

दारात स्पीकर बसवायचे तर पत्रा कापावा लागतो आणि काच खाली आली की मॅग्नेटला अडते. मग पुढे पायांजवळ, दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायचे छोटे खोके केले. मागच्या काचेखालच्या पार्सल ट्रेवर ६×९ इंची लंबगोल स्पीकरची जोडी, मूळ पुठ्ठा जपून ठेवून प्लायच्या नव्या फळीवर. ॲम्प्लिफायर पुढच्या लांब सीटखाली. बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज, आणि इंजिनाच्या पत्र्यातून वायर आत येते त्या भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रिंग. ग्रोमेट विसरलात तर पत्र्याची धार कधीतरी वायर सोलणार आणि धूर निघणार.

सगळं जोडलं, गाडी चालू केली, आणि स्पीकरमधून डास कानाशी यावा तशी बारीक 'ऊंऽऽ'. रेस दिली की सूर चढायचा, सोडली की उतरायचा. मला वाटलं अल्टरनेटरच बदलायला लागणार. मामांनी ॲम्प्लिफायरच्या आरसीए पिना, म्हणजे स्टिरिओकडून गाणं आणणाऱ्या वायरीच्या पिना, उपटल्या. आवाज बंद. "म्हणजे ॲम्प चांगला आहे, घाण पुढून येतेय." स्टिरिओचं अर्थिंग डॅशबोर्डाच्या एका स्क्रूवर होतं आणि ॲम्प्लिफायरचं सीटच्या बोल्टवर. दोन जागांमध्ये व्होल्टेजचा बारीकसा फरक पडतो आणि तोच आरसीएच्या वायरीतून गाण्यात शिरतो. मामांनी सीटखाली रुपयाएवढी जागा निवडली, पॉलिश पेपरने रंग, प्रायमर, गंज सगळं घासून पत्रा चांदीसारखा लख्ख केला, दोन्हींचं अर्थिंग तिथेच आवळलं आणि वर ग्रीसचा हात फिरवला. आरसीए गाडीच्या डाव्या अंगाने, बॅटरीची वायर उजव्या अंगाने नेली. त्यानंतर 'ऊंऽऽ' ऐकू आलेला नाही.

राहिला बाबांचा रेडिओ. त्याचे सुकलेले कपॅसिटर बदलून घेतले आणि मिडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झला आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लागली, पण इंजिन चालू असताना सोबत टकटक. ती प्लगच्या ठिणग्यांची. प्लगना रेझिस्टरवाल्या कॅप लावल्यावर बरीच कमी झाली. पूर्ण गेली नाही, आणि बाबांची त्याला हरकत नाही.

मागची नंबर प्लेट मात्र ढोलकी वाजली की खडखडते. तिच्यामागे रबराची पट्टी चिकटवायची आहे. बाबा म्हणतात, आवाज कमी कर, पट्टी लागणारच नाही.