कोंबड्यांसाठी माशी पाळताना

२०२१ मध्ये सोयापेंडीचे भाव इतके भडकले की केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. आम्हा गावरान कोंबड्या पाळणाऱ्यांची अंड्यांची कमाई खाद्यातच जात होती. तेव्हापासून मी बीएसएफ, म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लाय ही माशी पाळते आणि तिच्या अळ्या कोंबड्यांना खाद्य म्हणून घालते.

"ताई, घरभर माशा होतील," असं बायका अजून म्हणतात. नाही होत. ही ताटावर बसणारी माशी नव्हे. अळी असताना साठवलेल्या चरबीवर ती आठवडाभर जगते, अंडी घालते आणि मरते. जोडी जमायला तिला ऊन लागतं, म्हणून मच्छरदाणीचा पिंजरा अंगणात उन्हाला ठेवलाय. अंडी ओल्यात घालत नाही. सडक्या भाजीच्या वर, कोरड्या फटीत घालते. त्यासाठी लाकडी पट्ट्या एकावर एक बांधून ठेवायच्या.

अळ्या दोनेक आठवडे नुसत्या खात सुटतात. भाजीपाला, पिचलेले टोमॅटो, पपईच्या साली, काहीही. वास येतो तो पाणी जास्त झालं की. मूठभर कोंडा मिसळला की बसतो. वाढ पुरी झाली की अळी काळपट पडते आणि कोरडी जागा शोधत स्वतःच चढून बाहेर येते. क्रेटला उतरती फळी लावून खाली बादली ठेवली की वेचायचं कामच नाही. मला हे अजून बघत बसावंसं वाटतं.

सुकवलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिन असतं, पण चरबीही भरपूर. म्हणून नुसत्या अळ्यांवर कोंबड्या ठेवू नका, मक्याच्या भरड्यात मिसळून द्या. आणि कुठलाही कचरा त्यांना घालू नका. कॅडमियमसारखा जड धातू अळीच्या अंगात साठतो. युरोपीय संघाने २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांना कीटकांचं प्रथिन द्यायला मुभा दिली, पण त्या कीटकांना खरकटं नि शेण घालायला बंदीच आहे. मला ते पटतं. मी मंडईतला निवडलेला पालाच घेते.

माणसांनी किडे खायचे म्हटलं की लोक नाक मुरडतात, ते मला आवडत नाही. गडचिरोलीत लाल मुंग्यांची चटणी खातात, आसामात एरी रेशमाचे कोष सोलून आतले किडे. ते पोटभर, चवीचं अन्न आहे.

थंडीत माशा अंडी कमी घालतात. म्हणून दिवाळीआधीच अळ्या सुकवून डबे भरून ठेवायचे आहेत.