कोरी यादी

अंधेरीतल्या एका कर्ज देणाऱ्या कंपनीत मी डेटाबेस सांभाळतो. दर महिन्याला हप्ता न भरलेल्यांची यादी निघते आणि वसुलीचे फोन सुरू होतात. त्या सकाळी यादी कोरी आली. एकही थकबाकीदार नाही! वसुलीच्या मॅडम तडक माझ्या टेबलाशी. "अहो, मुंबईतली माणसं एकदम एवढी प्रामाणिक कधी झाली?"

क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, वर्षानुवर्षं चालत आलेली: ज्यांचा खाते क्रमांक या महिन्याच्या जमा-नोंदींत 'नॉट इन' (म्हणजे 'यांत नाही') आहे, ते दाखव. कोडला कुणी हात लावला नव्हता. जमा-नोंदी चाळल्या तेव्हा एक नोंद बिनक्रमांकाची निघाली. कुणीतरी यूपीआयने पैसे पाठवले होते, कुणाचे ते कळेना, म्हणून अकाउंट्सवाल्यांनी रक्कम सस्पेन्सला, म्हणजे धनी न कळलेल्या पैशांच्या खात्यात, टाकली होती. क्रमांकाच्या जागी नल, म्हणजे 'माहीत नाही' अशी रिकामी खूण.

एका नलने अख्खी यादी गिळली. 'नॉट इन'ची फोड गणितज्ञ डी मॉर्गन यांच्या नियमाने होते (हे गृहस्थ १८०६ साली मदुराईत जन्मले, याची मला उगाच गंमत वाटते): पहिल्या क्रमांकाशी जुळत नाही, आणि दुसऱ्याशी जुळत नाही, आणि नलशीही जुळत नाही. पण नलशी केलेली तुलना खरी नसते, खोटीही नसते, 'अज्ञात' असते. तर्कशास्त्रज्ञ क्लीनी यांनी १९३८ मध्ये मांडलेलं तीन मूल्यांचं (खरं, खोटं, अज्ञात) तर्कशास्त्र एसक्यूएल, म्हणजे क्वेरी लिहायची भाषा, पाळतं. त्यात खरं आणि अज्ञात मिळून अज्ञातच. ओळी निवडणारी क्वेरीतली 'व्हेअर'ची अट फक्त खरं ठरलेल्या ओळी पुढे सोडते. भरणारे खोटं म्हणून गळाले, न भरणारे अज्ञात म्हणून. (त्याच भाषेतली, नवी नोंद तपासणारी 'चेक'ची अट मात्र अज्ञाताला खुशाल आत घेते.)

"म्हणजे ते पैसे यातल्या कुणाचेही असू शकतात, असं मशीन म्हणतंय?"

अगदी तेच.

"पण एक हप्ता एकाचाच असणार ना? बाकीचे थकलेच की!"

इथे मॅडमचं तर्कशास्त्र एसक्यूएलपेक्षा सरस होतं. एसक्यूएल प्रत्येक तुलना सुटी करतं आणि अज्ञाताचा शिक्का मारून मोकळं होतं. सगळीकडची अज्ञात गोष्ट एकच आहे, हे त्याच्या गावी नसतं. नल पाच आहे किंवा पाच नाही, असं विचारा. शाळकरी पोरही 'हो' म्हणेल. एसक्यूएल म्हणतं, अज्ञात.

मी 'नॉट इन'च्या जागी 'नॉट एक्झिस्ट्स' (म्हणजे 'अशी ओळच नाही') लावलं. जुळणारी ओळ सापडली की नाही, एवढंच ते पाहतं. तिसरं उत्तर त्याच्याकडे नाही. यादी लगेच आली. प्रिंट घेऊन निघालेल्या मॅडम दारातून मागे वळल्या. "त्या यूपीआयवाल्याचं नावही यात असेल ना?"

असणारच. नव्या क्वेरीच्या लेखी त्याने हप्ता भरलेलाच नव्हता. अकाउंट्सने पैसे पाठवणाऱ्याचा तपशील बँकेकडे मागितला आणि तो येईपर्यंत मॅडमनी एकही फोन लावू दिला नाही.