जॉर्डन: पेट्राला दोन दिवस द्या, बाकीचे त्याभोवती बसवा

अम्मानहून पहाटे निघायचं, पेट्रा पाहायचं आणि रात्री परत यायचं, अशा एका दिवसाच्या सहली बऱ्याच मिळतात. त्या टाळा. जाण्यायेण्यात सहा तास मोडतात, आणि उरलेल्या वेळात माणूस 'खजिना' नावाच्या, खडकात कोरलेल्या भव्य वास्तूसमोर फोटो काढून माघारी फिरतो. नबातियन या प्राचीन अरब लोकांनी वसवलेल्या या शहराचा मोठा भाग त्याच्या पुढे आहे.

पैशांचा हिशोबही दोन दिवसांच्याच बाजूने आहे. विमानतळावरचा व्हिसा ४० दिनार आणि पेट्राचं एका दिवसाचं तिकीट ५० दिनार. 'जॉर्डन पास' मात्र ७० दिनारांना मिळतो. त्यात पेट्राचा एक दिवस, जेराश, करकचा किल्ला, वादी रमचं वाळवंट आणि इतर अनेक ठिकाणं येतात, शिवाय देशात सलग किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसाचं शुल्कही माफ होतं. पेट्राचे दोन दिवस हवे असतील तर पास ७५ चा, तीन हवे असतील तर ८० चा. दुसरा दिवस अवघ्या पाच दिनारांत पडतो. पास निघण्यापूर्वी ऑनलाइन घ्या आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. भारतीय पासपोर्टसाठीचे व्हिसाचे नियम तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर तपासा. नेबो पर्वत आणि मादाबाचं सेंट जॉर्ज चर्च पासात येत नाहीत, तिथे सुटे दिनार लागतात. चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातला मोझेकचा नकाशा आहे, त्यातलं जेरुसलेम नीट ओळखू येतं. तो चुकवू नका.

मार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. पहिल्या दिवशी अम्मानच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवरचं जेराश. रोमन शहराचा लंबवर्तुळाकार चौक, खांबांचा रस्ता आणि सम्राट हेड्रियनच्या भेटीसाठी उभारलेली कमान पाहायला तीन-चार तास हवेत. सावली फारशी नाही, म्हणून सकाळी लवकर पोहोचा.

अम्मानहून पेट्राला दोन रस्ते जातात. वाळवंटी महामार्ग तीन तासांत पोहोचवतो, पण कंटाळवाणा आहे. जुना 'किंग्ज हायवे' मादाबा, वादी मुजिबची खोल दरी आणि करकवरून जातो. त्याला अख्खा दिवस लागतो, आणि तो दिवस सार्थकी लागतो. स्वतः गाडी चालवणार असाल तर मादाबातच टाकी भरा आणि आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवा. गावांमधले गतिरोधक रंगवलेले नसतात, अंधारात अजिबात दिसत नाहीत. त्यामुळे वादी मुसाला, म्हणजे पेट्राच्या दाराशी असलेल्या गावात, दिवस मावळण्याआधी पोहोचा.

पेट्राचं फाटक सकाळी सहाला उघडतं, तेव्हाच आत शिरा. फाटकापासून साधारण किलोमीटरभर उतार, मग 'सिक' ही सव्वा किलोमीटरची अरुंद घळ. इथे भिंतींकडे लक्ष द्या. कमरेच्या उंचीवर खडकात कोरलेला पाट दिसतो, दुसऱ्या बाजूला खापरी नळांचे अवशेष. वर्षाला जेमतेम काही इंच पाऊस पडणाऱ्या डोंगरात हजारोंचं शहर या पाण्यावर जगलं. घळीच्या तोंडाशी बंधारा आणि बोगदा आहे, पुराचं पाणी बाजूला वळवण्यासाठी. हे काम शोभेचं नव्हतं: १९६३ साली याच घळीत अचानक आलेल्या लोंढ्याने वीसहून अधिक फ्रेंच पर्यटकांचा बळी घेतला. पाऊस लांबच्या डोंगरावर पडला तरी पाणी इथे येतं. म्हणून नोव्हेंबर ते मार्च या काळात आदल्या रात्री हॉटेलात हवामान विचारा, आणि रखवालदार बाहेर काढत असतील तर वाद घालू नका.

खजिन्यावर ऊन सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास येतं. वेरूळचं कैलास पाहिलेल्यांना कोरण्याची रीत लगेच उमगेल: इथेही कारागीर वरून खाली आले. खजिना आतून जवळजवळ रिकामा आहे, सारी कारागिरी दर्शनी भागावर आहे. पहिल्या दिवशी मुख्य वाटेने खडकातलं खुलं नाट्यगृह, राजघराण्याच्या कबरी आणि खांबांचा रस्ता करून दुपारनंतर 'देर'कडे, म्हणजे डोंगरावरच्या 'मठा'कडे, चढा. पायऱ्या आठशेच्या वर आहेत, पण देरच्या दर्शनी भागावर ऊन दुपारनंतरच येतं, तेव्हा सकाळी धावत जाण्यात अर्थ नाही. जाऊन-येऊन चाल दहा किलोमीटरच्या पुढे जाते, आणि शेवटचा टप्पा चढाचा असतो. माणशी तीन लिटर पाणी न्या. दुसऱ्या दिवशी अल-खुब्थाची वाट घ्या, तिथून खजिना वरून दिसतो, किंवा बळीवेदीचा डोंगर चढा.

तिकिटात घोड्याची छोटी फेरी 'फुकट' असते, पण शेवटी बक्षिशी मागितली जाते, तेव्हा आधीच ठरवा. पायऱ्यांवर गाढवावर बसू नका: जनावरांचे हाल होतात, आणि दगडही झिजतो. चालणं जमत नसलेल्या वडीलधाऱ्यांसाठी फाटकापासून खजिन्यापर्यंत विजेच्या गाड्या मिळतात, पैसे वेगळे.

तिथून वादी रम दोन तासांवर. तंबू ठरवताना एक प्रश्न नक्की विचारा: तळ संरक्षित क्षेत्राच्या आत आहे की बाहेर? 'वादी रम' नावाने विकले जाणारे बरेच तळ दीसी गावाकडे, बाहेर आहेत. जीपची फेरी किमान चार तासांची घ्या, म्हणजे खझाली घळीतली प्राचीन रेखाटनं आणि उम्म फ्रूथची दगडी कमान दोन्ही होतात. उन्हाळा सोडला तर रात्री गारठा असतो, स्वेटर आणि टोपी हवीच. जेवणात 'झर्ब' असतं: मांस आणि भाज्या एकाच जाळीच्या उतरंडीत वाळूखालच्या खड्ड्यात भाजतात. शाकाहारींनी आदल्या दिवशीच वेगळं ताट सांगावं. एरवी फलाफल, हुमूस (काबुली चण्यांची चटणी), 'फुल' (बाकल्याच्या दाण्यांची उसळ) आणि झातर हा वनस्पतींचा मसाला लावलेल्या रोटीवर देशभर पोट भरतं. सूप मागण्यापूर्वी मात्र ते कोंबडीच्या पाण्यातलं आहे का, विचारा.

परतीला अकाबामार्गे वादी अरबाचा रस्ता धरा, तो मृत समुद्राकडे नेतो. तपासणी नाक्यांवर पासपोर्ट दाखवावा लागतो. मृत समुद्र समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर खाली आहे आणि वर्षाला साधारण मीटरभर आटतो आहे, कारण जॉर्डन नदीचं पाणी वरच वळवलं जातं आणि दक्षिणेला खनिजांसाठी पाणी सुकवतात. मागे सरकलेल्या किनाऱ्यावर जमीन अचानक खचून खड्डे पडतात. मोकळ्या किनाऱ्यावर उतरू नका, पैसे देऊन ठरलेल्या किनाऱ्यावरच जा, तिथे गोड्या पाण्याचे शॉवरही असतात. आदल्या दिवशी दाढी करू नका. पेट्राच्या चढणीत पायाला फोड आले असतील तर ते झोंबतील. पाठीवर तरंगा, पोटावर वळू नका. उभं राहायचं असेल तेव्हा गुडघे छातीशी घेऊन पाय खाली टेकवा. डोळ्यात पाणी गेलं तर खारट हाताने चोळू नका, म्हणून पिण्याच्या पाण्याची बाटली काठाशी ठेवा. पंधरा मिनिटं पुरे. चांदीचे दागिने काढून ठेवा, काळे पडतात. तिथून विमानतळ तासाभरावर, त्यामुळे रात्रीचं विमान असेल तर अम्मानमध्ये मुक्कामाची गरज नाही.