सायकलच्या पाट्या तपासून घेताना : माझा अनुभव

सायकलचं चित्र न ओळखणारा माणूस मला या कामात एकही भेटला नाही. दोन चाकं, मधला सांगाडा, वर हँडल, एवढं दिसलं की पोरंसोरंही क्षणात 'सायकल' म्हणतात. तेच चित्र पाटीवर लावून 'ही पाटी दिसल्यावर तुम्ही काय कराल?' असं विचारलं की मात्र उत्तरं भलतीकडे जायला लागतात. चित्र ओळखणं वेगळं आणि त्यातली सूचना कळणं वेगळं, हे मला या कामात पुरतं पटलं.

एका मोठ्या उद्यानातल्या वाटांसाठी पाट्यांचा संच करायचं काम माझ्याकडे आलं होतं. फक्त सायकलींची वाट, चालणारे आणि सायकलस्वार या दोघांची वाट, सायकलींना मनाई, सायकलवरून उतरून चाला आणि सायकल स्टँड अशा पाच पाट्या हव्या होत्या. स्टँडची पाटी सगळ्यांना लगेच कळली, त्यामुळे तिच्याबद्दल काही लिहीत नाही.

चित्र रेखाटण्याआधी हिशेब केला. चांगली दृष्टी असलेल्या माणसाला अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील कसाबसा वेगळा दिसतो. ५० मीटरवर हे माप जेमतेम दीड सेंटिमीटर होतं. त्याहून बारीक रेघ आणि त्याहून अरुंद फट लांबून पुसली जाते. म्हणजे चाकाचे आरे गेले, चेन गेली, ब्रेकच्या तारा गेल्या. चेन गाळताना मला अजिबात वाईट वाटलं नाही. २००६ साली लिव्हरपूल विद्यापीठातल्या रिबेका लॉसन यांनी लोकांच्या सायकलविषयीच्या समजुतीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. सांगाडा, पॅडल आणि चेन नेमकी कुठे असते हे सांगताना कितीतरी लोक चुकले. काहींनी चेन दोन्ही चाकांभोवती फिरवली, काहींनी सांगाडा पुढच्या चाकालाही जोडून टाकला, म्हणजे ती सायकल वळणारच नाही. लोकांच्या डोळ्यात सायकलची आकृती बसलेली असते, तिची जोडणी नाही. तरीही मी सांगाडा बरोबरच काढला. रोज सायकल चालवणाऱ्याला चुकीच्या जोडणीची सायकल खटकते, आणि ज्यांच्यासाठी पाटी आहे त्यांनाच ती परकी वाटावी हे मला मान्य नव्हतं.

आणखी एक गोष्ट रात्रीच्या उजेडात कळते. प्रकाश परावर्तित करणाऱ्या पत्र्यावर गडद निळ्यातलं पांढरं चित्र दिव्याच्या झोतात फुगल्यासारखं दिसतं आणि त्यातल्या फटी बुजतात. पांढऱ्यावरच्या काळ्या चित्राचं उलट होतं, ते रोडावतं. म्हणून निळ्या पाटीवरची सायकल थोड्या बारीक रेघांची आणि मनाईच्या पाटीवरची जाड रेघांची, अशी दोन वेगळी चित्रं ठेवावी लागतात. शेजारी धरली तर फरक दिसतो, खांबावर दिसत नाही.

मग चाचणी. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९१८६ मध्ये चिन्ह कितपत समजतं हे तपासायची पद्धत दिलेली आहे. तिचा गाभा साधा आहे : चिन्ह दाखवायचं, ते कुठे लावलेलं असेल हे सांगायचं आणि अर्थ लोकांना त्यांच्याच शब्दांत सांगू द्यायचा. पर्याय द्यायचे नाहीत. पर्याय दिले की माणूस त्यांतला बरा वाटेल तो निवडतो आणि निकाल उगाच चांगला दिसतो. उत्तरांची वर्गवारी करताना चुकीचं उत्तर आणि नेमकं उलट उत्तर हे दोन वेगळे धरतात. मला ही विभागणी सगळ्यात मोलाची वाटते. 'माहीत नाही' म्हणणारा माणूस थांबून इकडेतिकडे बघतो. उलट समजलेला माणूस बिनधास्त पुढे जातो. सुरक्षाचिन्हांच्या अमेरिकी मानकात म्हणूनच ८५ टक्के बरोबर उत्तरांसोबत घातक गैरसमज ५ टक्क्यांहून जास्त नसावेत अशीही अट आहे.

आमची मनाईची पाटी इथेच अडली. रस्त्यांवरच्या चिन्हांविषयीच्या १९६८ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारातलं सायकलबंदीचं चिन्ह म्हणजे लाल कडं आणि आत काळी सायकल. ब्रिटनमध्येही ते तसंच, तिरकी पट्टी नसलेलं आहे. तिथे डावीकडे किंवा उजवीकडे वळायला मनाई करणाऱ्या चिन्हांवर मात्र पट्टी असते. लाल कडं म्हणजे मनाई हा नियम शिकलेल्यांना त्यात शंका येत नाही. उद्यानात येणारे सगळे तो नियम शिकून येत नाहीत. बिनपट्टीची पाटी दाखवल्यावर 'सायकलवाल्यांनी इकडून जावं' असं उत्तर वारंवार यायला लागलं. लाल कडं त्यांना नुसती चौकट वाटत होती. हे नेमकं उलट उत्तर होतं, त्यामुळे तिरकी पट्टी घालायचीच, यावर माझ्या मनात वाद उरला नाही.

पण पट्टी घातली की ती सायकलवरूनच जाते. निषेधाची पट्टी डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरते. सायकलचं तोंड डावीकडे असेल, तर हँडलपासून पॅडलकडे उतरणारी सांगाड्याची मुख्य नळी जवळजवळ पट्टीच्याच कलात येते आणि तिच्याखाली नाहीशी होते. हँडलही झाकलं जातं. उरतात दोन गोल आणि मधे लाल रेघ. तोंड उजवीकडे केलं की तीच नळी पट्टीला आडवी छेदते, दोन्ही बाजूंना दिसत राहते आणि हँडल मोकळं राहतं. मग पट्टीच्या दोन्ही कडांना पांढरी फट सोडली. एवढ्याशा बदलाने पाटी लांबून स्पष्ट झाली. ही जुळवाजुळव मी फार आनंदाने केली, कारण तिचा फायदा डोळ्यांना लगेच दिसतो.

खरा पेच 'उतरून चाला' या पाटीचा. मी सायकल हातात धरून चालणारा माणूस काढला. पुष्कळांनी अर्थ सांगितला : 'चालणारे आणि सायकलवाले, दोघांची वाट.' आणि दोघांच्या वाटेच्या पाटीवर तर खरोखरच माणूस आणि सायकल होतीच. जर्मनीत ही सामाईक वाट दाखवताना वर माणसं, खाली सायकल आणि मधे आडवी रेघ असते. रेघ उभी असेल तर दोघांच्या वाटा शेजारी पण वेगळ्या. रचना विचारपूर्वक केलेली आहे, पण आमच्या चाचणीत रेघ आडवी की उभी याचा अर्थ आपणहून कुणी सांगितला नाही. मी माणसाला सायकलच्या जवळ आणला, हात हँडलवर ठेवले, पाऊल लांब टाकलं, त्याचं शरीर सांगाड्यावर चढवलं. गैरसमज कमी झाले, संपले नाहीत. मूळ अडचण अशी आहे की 'उतरा' ही क्रिया आहे, आणि स्थिर चित्रात उतरण्याआधीचं आणि नंतरचं एकाच वेळी दाखवता येत नाही. ब्रिटन आणि जर्मनीतही ही सूचना शब्दांत लिहितात. मीही चित्राखाली शब्दांची पट्टी जोडली. चित्राने सगळं सांगितलंच पाहिजे, हा हट्ट मला वाचणाऱ्याच्या जिवापेक्षा मोठा वाटत नाही.

सामाईक वाटेवर पाटीऐवजी जमिनीवरच सायकल आणि वर दोन बाण रंगवावेत, असाही प्रस्ताव आला. अमेरिकेत मोटारी आणि सायकली यांच्या सामाईक मार्गिकेसाठी अशी खूण वापरतात, २००९ पासून ती तिथल्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेत आहे. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या हेस आणि पीटरसन या संशोधकांच्या सर्वेक्षणात, सायकलस्वार पूर्ण मार्गिका वापरू शकतात असं शब्दांत सांगणारी पाटी या खुणेपेक्षा जास्त स्पष्ट ठरली. सायकलवरचे बाण दिशा सांगतात, हक्क सांगत नाहीत. त्यामुळे जमिनीवरची खूण मी फक्त पाटीच्या जोडीला ठेवली. ती उभ्या दिशेने ताणून काढली, कारण येणारा माणूस तिच्याकडे तिरक्या नजरेने बघतो आणि मूळ मापातली सायकल चेपलेली दिसते.

शेवटी नकाशा घेऊन वाटा पायी फिरलो. 'उतरून चाला' जिथे जिथे सुचवलं होतं, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी धोका एवढाच होता की वळणावर झुडपांमुळे समोरचं दिसत नव्हतं. तिथे मी पाटीऐवजी झुडपं छाटायची शिफारस लिहिली, आणि ती मान्य झाली. उरलेल्या अरुंद जागांपुरत्याच त्या पाट्या बनवायला दिल्या.