गणपतीआधी निघालेले बरे

जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात माझ्या अभ्यासक्रमाची व्याख्याने ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होणार होती आणि त्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. ‘गणपती झाले की जा,’ असे आईचे म्हणणे होते आणि तारखांच्या हिशेबाने त्यात काही चूक नव्हती. तरीही मी ३ सप्टेंबरचे तिकीट काढले. घरच्या आरतीला नसल्याची रुखरुख आजही आहे; पण जर्मनीला शिकायला निघालेल्यांना मी लवकर निघण्याचाच आग्रह करते.

पोहोचले तो रविवार होता. रविवारी तिथे दुकाने बंद असतात, हे ठाऊक असल्यामुळे आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती; त्या दिवशी दोन्ही वेळा तेच जेवले.

खरा वेळ कागदपत्रांत जातो. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची सरकारी नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. मी निवडलेल्या बँकेला खाते उघडण्यासाठी त्या नोंदणीचा कागद हवा होता, आणि व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम मिळणाऱ्या खात्यात, भरलेल्या ११,२०८ युरोंपैकी दरमहाचे ९३४ युरो बँकेतल्या या नव्या खात्याशिवाय हाती येणार नव्हते. माझ्या घरमालकांनी सहीला नऊ दिवस लावले. नोंदणी जेमतेम चौदाव्या दिवशी झाली आणि पहिले पैसे जमा होईपर्यंत महिना संपत आला. तोवरचा सारा खर्च सोबत नेलेल्या रोख युरोंवर भागवावा लागला. वर्गातील नागपूरची एक मुलगी व्हिसा उशिरा मिळाल्यामुळे व्याख्याने सुरू झाल्यावर आली. तिचा त्यात काहीच दोष नव्हता, पण पहिले तीन आठवडे ती वर्गात कमी आणि या कार्यालयातून त्या कार्यालयात जास्त होती. ज्यांचा व्हिसा वेळेत हाती आला आहे, त्यांनी तरी ही वेळ स्वतःवर ओढवून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

कानालाही सवय व्हावी लागते. पुण्यात मी जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, तरी दुकानात गल्ल्यावरची बाई रक्कम सांगू लागली की मी यंत्रावरचा आकडा पाहूनच पैसे काढत असे. मग लक्षात आले की मी आकडे इंग्रजीतून लावत होते. जर्मनमध्ये पस्तीस म्हणजे ‘फ्युन्फ-उंड-ड्रायसिश’, आधी पाच आणि मग तीस, अगदी आपल्या पस्तीससारखे. त्या दिवसापासून मी मनात मराठीतच मोजू लागले.

१९ तारखेला घरी दुपारी बाराची आरती सुरू झाली तेव्हा आखेनमध्ये सकाळचे साडेआठ वाजले होते. फोन टेबलावर उभा करून मी खोलीत टाळ्या वाजवत आरती म्हटली. नंतर खाली बेकरीत गेले. बाईंनी चार युरो पस्तीस सांगितले आणि मी यंत्राकडे न पाहता तेवढेच मोजून दिले.